‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांमागे काय दडते? जुन्नरचा डोंगर, औरंगाबादचा रस्ता आणि आपली घाई

१/
नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. पश्चिमेला अकोले, संगमनेर, पारनेर या तालुक्यांना लागून जुन्नरचे डोंगर आहेत. ईशान्येला गोदावरी ओलांडली की औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. जिल्ह्याच्या या दोन शेजारांत एकतीस वर्षांच्या अंतराने दोन प्रवासी विमाने कोसळली. १९६२ मध्ये ९४ माणसे गेली, १९९३ मध्ये ५५. दोन्ही चौकशांनी वैमानिकांची चूक नोंदवली. पण दोन्ही निष्कर्ष तेवढ्यावर संपत नाहीत. हा धागा त्या उरलेल्या मजकुराविषयी.

२/
इतिहासाच्या वाचकाला हा प्रश्न ओळखीचा आहे. पानिपतावर काय चुकले, असे विचारले की पहिले उत्तर येते ते ‘भाऊसाहेबांचा हट्ट’. खोलात शिरल्यावर तुटलेली रसद, सैन्यासोबतचे यात्रेकरू आणि बिनलढाऊ माणसे, उत्तरेत न मिळालेले मित्र हे सारे दिसू लागते. भाऊंचे काही निर्णय तरीही चुकलेलेच असतात. मात्र ‘भाऊ चुकले’ हे वाक्य पराभवाचे स्पष्टीकरण म्हणून अपुरे पडते. विमान अपघाताच्या बाबतीत हाच फरक आपण सहज विसरतो.

३/
६ व ७ जुलै १९६२ मधली रात्र. अलितालिया या इटालियन कंपनीचे ७७१ क्रमांकाचे उड्डाण सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे टप्पे घेत मुंबईकडे येत होते. पुढे कराची, तेहरान आणि शेवटी रोम. विमान चार जेट इंजिनांचे डग्लस डीसी-८, त्या काळातले अत्याधुनिक. आत ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. बँकॉक सोडून सुमारे साडेतीन तास झाले होते. बाहेर जुलैचा पावसाळा आणि मध्यरात्रीचा अंधार.

४/
विमान पूर्वेकडून येत होते. मुंबईच्या धावपट्टीवर फेरा न घेता सरळ उतरण्याची परवानगी वैमानिकाने मागितली आणि ती मिळाली. उतरण सुरू झाली. मध्यरात्रीनंतर दहाएक मिनिटांनी विमान मुंबईपासून अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर असताना जुन्नरच्या डोंगराळ भागात, सुमारे ३,६०० फूट उंचीवर, डोंगराच्या माथ्याजवळ आदळले. ९४ पैकी कोणीही वाचले नाही.

५/
या अपघाताची भूगोलाशी असलेली गाठ पाहण्यासारखी आहे. सह्याद्रीची मुख्य रांग इथे देश आणि कोकण यांच्यामध्ये भिंतीसारखी उभी आहे. जवळच अकोल्यात महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगड आहे. जुन्नरचा नाणेघाट सातवाहन काळापासून ही भिंत ओलांडण्याची वाट म्हणून प्रसिद्ध आहे. ही रांग मागे पडल्यावर जमीन एकदम खाली कोसळते आणि कोकण सुरू होते. म्हणजे जी उंची घाटाच्या पश्चिमेला पुरेशी ठरली असती, तीच घाटाच्या पूर्वेला प्राणघातक होती.

६/
चौकशीचा निष्कर्ष असा : दिशा आणि स्थान यांच्या गणितात चूक झाली. आपण मुंबईच्या आहोत त्याहून जवळ आहोत असे वैमानिकाला वाटले. त्यामुळे त्याने वेळेआधी उतरण सुरू केली. याला हातभार लावणारी आणखी तीन कारणे नोंदवली गेली : उपलब्ध दिशादर्शक साधनांचा उपयोग करून आपले स्थान तपासले गेले नाही, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान नेले गेले, आणि त्या मार्गावरील भूप्रदेशाचा वैमानिकाला परिचय नव्हता.

७/
शेवटच्या कारणाशी क्षणभर थांबू. सिडनी ते रोम अशा प्रवासात एका रात्री पायाखालून किती देश सरकतात! नकाशावर उंचीचे आकडे असतात. पण पावसाळी अंधारात त्या आकड्यांना आकार नसतो. जुन्नरच्या माणसाला जो डोंगर डोळे मिटूनही दिसतो, तो परदेशी वैमानिकासाठी कागदावरचा एक ठिपका असतो. हा दोष त्या माणसाचाच, की त्याला या मार्गावर पाठवताना त्याची तयारी करून घेणाऱ्या व्यवस्थेचाही?

८/
इंग्रजी नोंदींत या डोंगराचे नाव ‘दवंड्याची’ असे आढळते. मराठी कान इथे लगेच अडखळतो. ‘ची’ हा तर षष्ठीचा प्रत्यय. कोणीतरी ‘दवंड्याची टेकडी’ असे काहीसे सांगितले असावे आणि लिहिणाऱ्याने प्रत्ययासकट नाव उतरवून घेतले असावे. ऐकणाऱ्याने अर्धे ऐकले आणि पूर्ण समजले असे मानले, तर काय होते याचे हे निरुपद्रवी उदाहरण. याच प्रकारची गफलत आकाशात झाली तर काय होते, ते चार वर्षांनी युरोपात दिसले.

९/
२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरुतमार्गे जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ जण दगावले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. या अपघाताभोवती कटकारस्थानाच्या कथा आजही फिरतात. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारा आहे.

१०/
विमानातले एक दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होते आणि वैमानिकाला ते ठाऊक होते. माँ ब्लाँच्या संदर्भात आपण कुठे आहोत याचा त्याचा अंदाज चुकला. जमिनीवरच्या नियंत्रकाने रडारवर ती चूक ओळखली आणि दुरुस्त स्थान कळवलेसुद्धा. पण त्याचे शब्द पुरेसे नेमके नव्हते. पर्वताची धार मागे पडली आहे असाच अर्थ वैमानिकाने घेतला आणि उतरण चालू ठेवली. चूक सापडली होती, सांगितलीही गेली होती. ती पोहोचली तेवढी नाही.

११/
जुन्नर आणि माँ ब्लाँ या दोन्ही ठिकाणी विमाने धडधाकट होती, वैमानिकांच्या ताब्यात होती. धोक्याची चाहूल मात्र कोणालाच नव्हती. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात अगदी असेच घडले. टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे उड्डाण वॉशिंग्टनजवळ उतरताना वेळेआधी खाली आले आणि डोंगरावर आदळले. ९२ मृत्यू. ‘उतरण्यास परवानगी’ या शब्दांचा अर्थ वैमानिक एक समजत होते, नियंत्रक दुसरा.

१२/
चौकशीत एक गोष्ट पुढे आली. सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचे एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांना ते कळलेच नाही. या प्रकरणानंतर १९७६ पासून ‘नासा’च्या देखरेखीखाली एक व्यवस्था सुरू झाली : वैमानिकाने वा नियंत्रकाने घडलेली चूक स्वतःहून कळवायची, सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहील आणि धडा सर्वांपर्यंत जाईल.

१३/
याच काळात डॉन बेटमन या अभियंत्याच्या प्रयत्नांतून घडलेले, जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारे यंत्र अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. पुढे त्यात भूप्रदेशाचा नकाशाही साठवला गेला. वैमानिकाचे गणित कितीही चुकले, तरी डोंगर समोर आल्यावर ते यंत्र ओरडून सांगते. विचार करा, ‘वैमानिक चुकला, विषय संपला’ असे साऱ्यांनी मानले असते, तर हे यंत्र बनवण्याची गरज कोणाला वाटली असती?

१४/
मुंबईही यातून सुटली नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून उडाल्यावर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ मृत्यू. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज नाही. दुसरी यंत्रे खरे सांगत होती, पण त्यांच्याशी ताडून पाहण्याआधीच विमान उलटे होऊ लागले. यंत्राचा दोष कुठे संपतो आणि माणसाचा कुठे सुरू होतो, याची रेघ इथे काढून दाखवणे अवघड आहे.

१५/
आता गोदावरीपलीकडे येऊ. २६ एप्रिल १९९३, दुपारी एकचा सुमार. इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे उड्डाण दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आले होते आणि मुंबईला निघत होते. विमान बोइंग ७३७, आत ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी. चिकलठाण्याची धावपट्टी तेव्हा सुमारे ६,००० फुटांची होती. तिच्या टोकापलीकडे, विमानतळाच्या कुंपणाबाहेरून बीडचा रस्ता जात होता.

१६/
मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी हवा तापून विरळ होते. विरळ हवेत पंखांना कमी आधार मिळतो, इंजिनांचा जोरही घटतो. त्यामुळे त्याच वजनाच्या विमानाला जास्त धावावे लागते. धावताना एक ठरलेला वेग आला की वैमानिक विमानाचे नाक वर उचलतो. ते उशिरा उचलले किंवा चुकीच्या पद्धतीने उचलले, तर चाके जमीन सोडेपर्यंत धावपट्टी संपत आलेली असते. त्या दुपारी नेमके तसे झाले.

१७/
विमान उडाले, पण फार खालून. त्याच क्षणी बीडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक जात होता. विमानाची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. रस्त्यापासूनची ती उंची जेमतेम सात फूट. त्यानंतर सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या वीजतारांना धडकून विमान शेतात कोसळले आणि पेटले. ११८ पैकी ६३ वाचले, ५५ गेले.

१८/
न्यायालयीन चौकशीच्या निष्कर्षाची दोन कलमे आहेत आणि दोन्ही एकत्रच वाचायला हवीत. पहिले : वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या तंत्राने उचलले. दुसरे : विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. पहिली चूक काही सेकंदांची. दुसरी रोजची. रोज विमान उडे, रोज ट्रक जात, आणि रोज काही होत नसे. ‘इतकी वर्षे कुठे काय झाले’ या समाधानाखालीच असे धोके वाढत जातात.

१९/
ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांची जी मांडणी केली, ती आपल्या घरातल्या चाळण्यांनी समजावता येईल. एकावर एक चाळण्या ठेवा. प्रत्येकीला भोके आहेत, तरी एकीचे भोक दुसरीच्या जाळीने झाकले जाते. अपघात होतो तो सगळी भोके एका रेषेत आली तर. औरंगाबादेत आखूड धावपट्टी, तापलेली हवा, कुंपणाबाहेरचा रस्ता, न अडवलेली वाहतूक आणि वैमानिकांचा विलंब हे सारे एका क्षणी जुळले. यांतली एक चाळणी जरी जागेवर असती, तरी ते उड्डाण कोणाच्या आठवणीतही राहिले नसते.

२०/
काही भोके माणसांच्या नात्यांत असतात. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसे गेली. केएलएमच्या ज्येष्ठ कॅप्टनने परवानगीशिवाय धाव सुरू केली होती. दुसरे विमान बाजूला झाले आहे ना, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि पुढे कोणी बोलले नाही. ‘साहेबांना कसे सांगायचे?’ हा संकोच आपल्या कचेऱ्यांना आणि शाळांना काही नवा नाही. त्यानंतर वरिष्ठाला टोकण्याचे आणि वरिष्ठाने ऐकून घेण्याचे रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांत सुरू झाले.

२१/
ते पुरेसे रुजले का? ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान कोळिकोडच्या पठारी धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १९० पैकी २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. पावसात, मागून वारा असताना विमान धावपट्टीच्या जवळपास मध्यावर टेकले होते. पुन्हा वर घेण्याची सूचना सहवैमानिकाने दिली होती. कॅप्टनने ती पाळली नाही आणि सहवैमानिकाने नियंत्रण आपल्याकडे घेतले नाही, असे अहवाल म्हणतो.

२२/
पण तोच अहवाल पुढे आणखी काही सांगतो. कोळिकोडला कॅप्टनची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनला करायचे होते. तिथेच उतरण्याच्या ओढीमागे कंपनीचे मनुष्यबळाचे धोरण होते. काचेवरचा वायपरही नीट चालत नव्हता. त्या कॅप्टनला, वायुदलातून आलेल्या मराठी माणसाला, लोकांनी आधी वीर म्हणून निरोप दिला आणि वर्षभराने अहवाल आल्यावर दोषी ठरवले. तो या दोहोंपैकी एकच काहीतरी असला पाहिजे, असा आग्रह कशासाठी?

२३/
१२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर आपण हेच पुन्हा पाहिले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जीव गेले. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधन तोडणारे स्विच उड्डाणानंतर लगेच बंद स्थितीत गेले. ‘तू का बंद केलेस’ असे एकाने विचारले आणि ‘मी केले नाही’ असे दुसऱ्याने उत्तर दिले, एवढी नोंद त्यात होती. अंतिम निष्कर्ष येण्याआधीच समाजमाध्यमांवर निकाल लागले, हेतू चिकटवले गेले. ज्यांना उत्तर देता येणार नाही, त्यांच्यावर खटला चालवणे सर्वांत सोपे असते.

२४/
मग चुकणाऱ्याला काहीच म्हणायचे नाही का? म्हणायचे. नशेत, बेपर्वाईने वा जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यासाठी कायदा आहे आणि असलाच पाहिजे. पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत चौकशीचा हेतू एकच सांगितला आहे : पुढचा अपघात टाळणे. दोष वा भरपाई ठरवणे हे चौकशीचे काम नाही. कारण उघड आहे. खरे सांगितल्यावर फाशीच मिळणार असेल, तर खरे कोणी सांगणार नाही आणि तोच डोंगर पुढच्या विमानासाठी तसाच उभा राहील.

२५/
चौकशी अहवाल हेही इतिहासाचे साधनच आहे. बखर वाचताना जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारावेत. हे कोणी लिहिले? कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिले? कोणत्या माणसापाशी येऊन कारणांची साखळी थांबवली, आणि तिथेच का? ‘वैमानिक चुकला’ हे वाक्य बहुतेकदा खरे असते. त्याच्यापुढे ‘त्याला चुकू देणारे काय होते?’ एवढा एक प्रश्न जोडला, की अहवालाचे पुढचे पान उघडते.

२६/
ऑक्टोबर २०१७ पासून नगर जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ आहे, कोपरगाव तालुक्यात काकडी येथे, शिर्डीसाठी. एप्रिल २०१९ मध्ये दिल्लीहून आलेले एक विमान तिथे उतरल्यावर धावपट्टीबाहेर गेले. कोणी दगावले नाही, म्हणून बातमी दोन दिवसांत विरली. धडा मात्र अशाच घटनांत स्वस्तात मिळतो.

२७/
आज मुंबईकडे उतरणारी विमाने त्याच सह्याद्रीवरून जातात. खिडकीजवळच्या प्रवाशाला खाली दिवे दिसतात, मग मोठा काळा पट्टा, मग पुन्हा दिवे. त्या काळ्या पट्ट्यावर विमान किती उंचीवर असले पाहिजे, हे आता यंत्राला ठाऊक आहे, नियंत्रकाला ठाऊक आहे आणि वैमानिकाकडून घोटून घेतलेले आहे. जुन्नरसारख्या डोंगरांवर गेलेल्या माणसांनी ही माहिती आपल्यासाठी ठेवली आहे. तिची किंमत एका वैमानिकाच्या नावावर टाकून मोकळे होणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

(समाप्त)